जन्माचं वजन आणि बाळाची वाढ: कमी वजनाच्या बाळाकडे कधी, काय आणि कसं बघायचं

बाळ झालं की लोक पहिल्यांदा विचारतात मुलगा की मुलगी, आणि लगेच दुसरा प्रश्न, वजन किती? मग तो आकडा घरात सगळ्यांच्या तोंडी होतो. कमी असला की आईच्या मनात असं काही घर करून बसतो की बाळ दोन वर्षांचं होऊन पळायला लागलं तरी ती "जन्मताच एक किलो आठशे होता ना" हेच सांगत असते. मी स्वतः अशाच एका बाळाची आई आहे आणि गेली बरीच वर्षं अशा पालकांशी बोलतेय, म्हणून हे सगळं एकदा सविस्तर आणि क्रमाने लिहून काढतेय.

आधीच एक सांगते. जन्माचं वजन म्हणजे भविष्य नाही. पुढची दोन-तीन वर्षं कुठल्या गोष्टींकडे जास्त बारकाईने बघायचं आणि कुठली तपासणी अजिबात चुकवायची नाही, एवढं ते सांगतं. पण तेवढं ते खरंच सांगतं, त्यामुळे "काही होत नाही, आमच्यात सगळी मुलं अशीच बारीक होती" म्हणून ते बाजूला टाकणंही बरोबर नाही.

पायरी १: नुसता आकडा वाचू नका, सोबत आठवडे वाचा

जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे २५०० ग्रॅमच्या खाली जन्मलेलं बाळ म्हणजे कमी वजनाचं, १५०० च्या खाली खूप कमी वजनाचं आणि १००० च्या खाली अत्यंत कमी वजनाचं. जगात दर सात बाळांमागे साधारण एक बाळ २५०० च्या खाली जन्मतं, म्हणजे तुम्ही एकटे नाही आहात.

पण वजन दोन वेगळ्या कारणांनी कमी असू शकतं, आणि पुढचं सगळं त्यावर ठरतं. एक म्हणजे दिवस भरायच्या आधी जन्म झाला, ३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आधी. दुसरं म्हणजे दिवस भरले पण पोटात असताना वाढच कमी झाली, वारेतून रक्तपुरवठा कमी पडला, आईला बीपीचा त्रास होता, अ‍ॅनिमिया होता, इन्फेक्शन झालं, धूम्रपान होतं किंवा जुळी होती. काही बाळांच्या बाबतीत दोन्ही असतं.

दोन बाळं घ्या, दोघांचं वजन २१०० ग्रॅम. एक ३४ व्या आठवड्यात जन्मलेलं, दुसरं ३९ व्या. पहिल्याचं वजन त्याच्या आठवड्यांच्या मानाने व्यवस्थित आहे, त्याचे अवयव तयार व्हायला वेळ कमी मिळालाय, त्यामुळे श्वास, दूध ओढणं, कावीळ, अंग गार पडणं याकडे आधी बघावं लागतं. दुसऱ्याला वेळ पूर्ण मिळाला पण पोषण मिळालं नाही, त्याची रक्तातली साखर पहिल्या दिवसांत पटकन खाली जाऊ शकते आणि पुढे उंची-वजनाची भरपाई कशी होतेय ते बघत राहावं लागतं. आकडा तोच पण बाळं वेगळी.

म्हणून डिस्चार्ज घेताना कार्डवर या गोष्टी लिहिल्यात का ते बघाच: जन्माचं वजन, पूर्ण झालेले आठवडे आणि दिवस, डोक्याचा घेर, लांबी, आणि बाळ त्याच्या आठवड्यांच्या मानाने लहान आहे का. 'लहान' म्हणजे त्याच आठवड्यात जन्मलेल्या शंभर बाळांत सगळ्यात हलक्या दहात बसतं ते. यातली काही बाळं मूळचीच छोट्या चणीची असतात आणि ठणठणीत असतात हेही लक्षात ठेवा. डोक्याचा घेर मात्र आवर्जून बघा, कारण पोटात पोषण कमी पडलं तर शरीर आधी मेंदूला वाचवतं, अंगाने बारीक पण डोकं बरोबर असं बाळ आणि डोक्यासकट सगळंच लहान असं बाळ यात फरक आहे, दुसऱ्याकडे जास्त लक्ष द्यावं लागतं.

आणि वजन जास्त म्हणजे सगळं छान असंही नाही. ४ किलोच्या वरच्या बाळांत, खासकरून आईला डायबिटीस असेल तर, जन्मल्यावर साखर उतरणं, बाळंतपणात खांदा अडकून हाताच्या नसांना इजा होणं असे प्रकार होतात, आणि पुढे लठ्ठपणाचा धोका जास्त असतो. तो वेगळा विषय आहे, इथे मी कमी वजनाबद्दलच बोलतेय.

पायरी २: वजनाचा मेंदूशी संबंध नेमका काय ते समजून घ्या

गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत बाळाचा मेंदू प्रचंड वेगाने वाढतो. ३५ व्या आठवड्यात त्याचं वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मेंदूच्या साधारण दोन तृतीयांश असतं, उरलेला एक तृतीयांश शेवटच्या चार-पाच आठवड्यांतच भरतो. पहिल्या काही महिन्यांना पुरेल एवढं लोह आईकडून बाळाकडे याच काळात जातं, त्वचेखालची चरबी याच काळात साठते. हा वेळ कापला गेला, किंवा वेळ मिळाला पण वारेने साथ दिली नाही, तर मेंदूला ते काम बाहेर येऊन करावं लागतं, आणि बाहेर प्रकाश, आवाज, सुया, इन्फेक्शन सगळंच असतं.

म्हणून गट म्हणून बघितलं तर कमी वजनाच्या मुलांमध्ये हालचाली उशिरा येणं, बोलणं उशिरा येणं, पुढे लक्ष टिकवायला आणि गणितात त्रास होणं हे जास्त दिसतं, आणि वजन जेवढं कमी, आठवडे जेवढे कमी, तेवढा धोका वाढत जातो. २३०० ग्रॅमचं पूर्ण दिवसांचं बाळ आणि ९०० ग्रॅमचं २७ आठवड्यांचं बाळ यांना एकाच भीतीने बघू नका. आणि हे सगळे आकडे गटाच्या सरासरीचे असतात, तुमच्या एका बाळाचं काय होणार हे त्यातून कोणीच सांगू शकत नाही.

उलट एक गोष्ट मला सगळ्या पालकांना ओरडून सांगाविशी वाटते. १९८० च्या दशकात अमेरिकेत आठ ठिकाणी एक मोठा प्रयोग झाला, दिवस भरायच्या आधी जन्मलेली आणि २५०० ग्रॅमपर्यंत वजनाची ९८५ बाळं त्यात होती. काहींना नेहमीचा फॉलो-अप मिळाला, आणि काहींच्या घरी प्रशिक्षित माणूस नियमित यायचा, आईवडलांना बाळाशी कसं खेळायचं, कसं बोलायचं ते शिकवायचा, आणि एक वर्षानंतर तीन वर्षांपर्यंत मुलांना खास बालकेंद्रात पाठवलं जायचं. तिसऱ्या वर्षी २००० ग्रॅमच्या वरच्या गटात बुद्ध्यांकात सरासरी १३ गुणांचा फरक दिसला, त्याहून हलक्या गटात जवळपास साडेसहा. कार्यक्रम थांबल्यावर पुढच्या वर्षांत हा फरक बराच कमी झाला, जास्त वजनाच्या गटात थोडा टिकला, म्हणजे तीन वर्षं करून सोडून द्यायचं काम हे नाही. पण औषध नाही, मशीन नाही, बोलणं-खेळणं आणि सातत्य यातून एवढा फरक पडतो, हे कळलं की त्या वजनाच्या आकड्याची भीती बरीच कमी होते.

पायरी ३: पहिले दिवस: ऊब, दूध, स्वच्छता

बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) असेल तर उपचार डॉक्टर-नर्स करतील, पण तुमचं काम त्याच दिवशी सुरू होतं, आणि ते काम म्हणजे कांगारू केअर. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांनी इन्क्युबेटर कमी पडत होते म्हणून बाळांना आईच्या छातीशी ठेवायला सुरुवात केली, आणि आज जागतिक आरोग्य संघटना दिवस भरायच्या आधीच्या किंवा कमी वजनाच्या सगळ्या बाळांसाठी हेच सांगते. जन्मानंतर लगेच सुरू करा आणि दिवसातून ८ ते २४ तास, जेवढा जास्त वेळ जमेल तेवढा. २०२१ मध्ये पाच देशांतल्या हॉस्पिटल्समधला अभ्यास प्रसिद्ध झाला, १ किलो ते १ किलो ८०० ग्रॅमच्या दरम्यानची बाळं, आधी स्थिर होऊ द्या मग कांगारू असं न करता लगेच सुरू केलं, तर पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. यात बाळ अस्थिर असेल तर निर्णय डॉक्टरांचाच, पण "कधी सुरू करायचं?" हे तुम्ही रोज विचारा, कोणी आपणहून सांगायची वाट बघू नका.

करायचं कसं? बाळाला फक्त डायपर, टोपी आणि मोजे. तुमच्या उघड्या छातीवर, दोन्ही स्तनांच्या मध्ये उभं धरायचं, बेडकासारखे हातपाय दुमडलेले, मान एका बाजूला वळवलेली आणि किंचित वर, म्हणजे नाक मोकळं राहतं आणि मान पुढे दुमडून श्वास अडकत नाही. वरून घट्ट कापड किंवा बाइंडर, त्याचा वरचा काठ बाळाच्या कानाच्या खालपर्यंत. तुम्ही पूर्ण आडवं न होता थोडं टेकून बसा. एका वेळी कमीत कमी एक तास, कारण सारखं काढणं-घालणं यातच बाळाची शक्ती जाते. बाबांनीही करायचं, आजीनेही चालतं, कातडीला कातडी लागणं महत्त्वाचं. बाळ साधारण अडीच किलोचं झालं की स्वतःच वळवळ करून बाहेर यायला बघतं, तेव्हा थांबवा.

आता दूध. कमी वजनाच्या बाळाला आईचं दूध हे अक्षरशः औषध आहे, खासकरून आतड्याला सूज येऊन ते खराब होण्याचा जो गंभीर आजार लहान बाळांत होतो त्याचं प्रमाण आईच्या दुधाने कमी होतं. सुरुवातीचं चिकाचं दूध दोन थेंब असलं तरी वाया घालवू नका. ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा ताळमेळ साधारण ३२ ते ३४ आठवड्यांच्या सुमाराला जमायला लागतो, त्याआधी नळीने, मग वाटी किंवा पळीने, मग अंगावर, हा क्रम बाळाच्या तयारीप्रमाणे होतो. बाळ ओढत नसलं तरी तुम्ही दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, दूध काढत राहायचं, नाहीतर बाळ तयार होईपर्यंत दूधच आटतं, आणि ही गोष्ट पहिल्या आठवड्यात कोणी समजावून सांगत नाही याचं मला फार वाईट वाटतं. आईचं दूध कमी पडत असेल तर मिल्क बँकेच्या दुधाची सोय आहे का विचारा. फॉर्म्युला द्यावा लागला तर डब्यावरचं प्रमाण ग्रॅमभरही बदलू नका, पातळ केलं की बाळ उपाशी राहतं.

हात धुणे. एवढंच, पण प्रत्येक वेळी आणि प्रत्येकाने, भेटायला आलेल्या मोठ्या माणसालाही न लाजता सांगायचं.

पायरी ४: घरी आल्यावर वजन कसं बघायचं

जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत वजन उतरतंच, पूर्ण दिवसांचं बाळ जन्माच्या वजनाच्या ७ ते १० टक्के गमावू शकतं आणि १० ते १४ दिवसांत परत तिथे येतं. दिवस भरायच्या आधीच्या बाळाचं थोडं जास्त उतरतं आणि भरायला दोन-तीन आठवडे लागतात. मग पहिले तीन महिने दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम वाढ ही चांगली.

पण रोज वजन करू नका प्लीज. आठवड्यातून एकदा, तोच काटा, कपडे-डायपर काढून, शक्यतो तीच वेळ. रोज केलं की शी-शूच्या फरकाने आकडा खालीवर होतो आणि आईची झोप उडते. घरात बघायची खूण म्हणजे दिवसाला सहा किंवा जास्त वेळा शू, दूध पिऊन समाधानाने झोपणं आणि भुकेला स्वतः जागं होणं. फार झोपाळू, दुधालाही उठत नाही असं बाळ 'शांत' आहे म्हणून खूश होऊ नका, कमी वजनाच्या बाळाला सुरुवातीचे आठवडे तीन तासांच्या वर उपाशी ठेवायचं नाही, उठवून पाजायचं.

लोह आणि व्हिटॅमिन डी चे थेंब डॉक्टर लिहून देतात, ते बंद करू नका. वर म्हटलं तसं लोहाचा साठा शेवटच्या महिन्यांत होतो, तो या बाळांकडे कमी असतो आणि मेंदूच्या वाढीला लोह लागतंच. शी काळपट होते, ते ठीक आहे. डोस मात्र वजनाप्रमाणे बदलतो, म्हणून प्रत्येक भेटीत "डोस तोच ठेवायचा का वाढवायचा?" विचारा. दुसऱ्या बाळाचा डोस आपल्याला लावू नका.

झोपताना पाठीवरच, कडक सपाट गादीवर, आजूबाजूला उशी, मऊ खेळणी, सैल पांघरूण नाही. झोपेत अचानक दगावण्याचा धोका कमी वजनाच्या आणि आधी जन्मलेल्या बाळांत जास्त असतो, त्यामुळे खोली एक पण बिछाना वेगळा, आणि घरात कोणीही सिगरेट ओढायची नाही.

लगेच दवाखान्यात न्यायची लक्षणं, ही फ्रिजवर चिकटवून ठेवा:
- दूध पिणं एकदम कमी झालं किंवा थांबलं
- शांत असतानाही मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, छाती आत ओढली जातेय, कण्हतंय
- अंग गरम, काखेत ३७.५ च्या वर, किंवा गार, ३५.५ च्या खाली (३६.५ ते ३७.५ सेल्सिअस हे नॉर्मल)
- झटके, किंवा हलवल्याशिवाय हालचालच नाही
- तळहात-तळपायापर्यंत पिवळेपणा
- ओठ-जीभ निळसर

यात "सकाळपर्यंत बघू" नको. लहान बाळात सकाळपर्यंत फार उशीर होऊ शकतो.

पायरी ५: बाळाचं खरं वय कुठलं?

दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांची दोन वयं असतात, आणि हे समजलं की निम्मी काळजी जाते. ४० मधून जन्माचे आठवडे वजा करा, तेवढे आठवडे बाळ लवकर आलं. ३२ आठवड्यांचं असेल तर ८ आठवडे, म्हणजे साधारण दोन महिने. आता कॅलेंडरप्रमाणे ते सहा महिन्यांचं असेल तर दुरुस्त वय चार महिने. मान धरणं, पालथं पडणं, बसणं, बोलणं, वजन-उंचीचा तक्ता, सगळं दुरुस्त वयाने बघायचं, साधारण दोन वर्षांपर्यंत. शेजारचं सहा महिन्यांचं बाळ टेकून बसतंय आणि आपलं नाही, तर ते चार महिन्यांच्या बाळासारखं वागतंय का एवढंच बघा.

दोन ठिकाणी मात्र हे लावू नका. लसी कॅलेंडरच्या वयानेच घ्यायच्या, जन्मतारखेपासून मोजून, फक्त अगदी कमी वजनाच्या बाळांच्या जन्मावेळच्या एखाद-दुसऱ्या लशीबाबत डॉक्टर थांबायला सांगू शकतात. आणि पूर्ण दिवसांचं पण कमी वजनाचं बाळ असेल तर दुरुस्त वय हा प्रकारच नाही, त्याचं वय आहे तेच.

पायरी ६: न चुकवायच्या तपासण्या

डोळे पहिले. रेटिनातल्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्यातल्या, रक्तवाहिन्या पूर्ण दिवस भरेपर्यंत वाढत असतात, बाळ लवकर जन्मलं तर त्या चुकीच्या पद्धतीने वाढू शकतात आणि पडदा सुटून कायमचं आंधळेपण येऊ शकतं, आणि बाहेरून डोळा अगदी नॉर्मल दिसतो. कुणाची तपासणी करायची ती वजन-आठवड्यांची मर्यादा देशाप्रमाणे बदलते, कुठे १५०० ग्रॅम, कुठे २०००. पहिली तपासणी बहुतेक बाळांत जन्मानंतर चौथ्या आठवड्याच्या सुमाराला होते. उपचाराची संधी काही दिवसांचीच असते, त्यामुळे "थोडं मोठं होऊ दे मग नेऊ" हे इथे चालत नाही. बाळ तेव्हा घरी आलेलं असेल तरी परत न्यायचं. आणि "डोळे ठीक" म्हटल्यावर पुढची तारीख आहे का ते विचारायचं, कारण ही तपासणी बहुतेक वेळा एकदा करून संपत नाही.

कान. साधं सूत्र आहे, एक-तीन-सहा. एका महिन्याच्या आत स्क्रीनिंग, त्यात अडकलं तर तीन महिन्यांच्या आत पक्कं निदान, आणि सहा महिन्यांच्या आत उपचार किंवा श्रवणयंत्र सुरू. पाच दिवसांपेक्षा जास्त एनआयसीयूत राहिलेल्या बाळाची मेंदूपर्यंत आवाज पोचतो का ते बघणारी तपासणी झाली पाहिजे, नुसती कानातली नाही, हे आवर्जून विचारा. टाळी वाजवून दचकलं म्हणजे ऐकू येतं, असं धरून चालू नका.

डोक्याचा घेर दर भेटीत मोजून तक्त्यावर मांडायला सांगा. पूर्ण दिवसांच्या बाळात पहिले तीन महिने महिन्याला साधारण २ सेंटिमीटर, पुढचे तीन महिने १, मग वर्षापर्यंत अर्धा असं वाढतं. वाढ थांबणंही बघायचं आणि एकदम वेगाने वाढणंही.

थायरॉईडची तपासणी खूप कमी वजनाच्या बाळांत पहिल्यांदा नॉर्मल येऊन नंतर बिघाड दिसू शकतो म्हणून काही आठवड्यांनी परत करतात. मेंदूची सोनोग्राफी झाली असेल तर तिचा रिपोर्ट फाईलमध्ये हवाच.

पायरी ७: टप्पे कसे बघायचे

जागतिक आरोग्य संघटनेने निरोगी मुलांचा अभ्यास करून प्रत्येक टप्प्याची खिडकी दिली आहे, आणि ती किती मोठी आहे ते बघा: आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिने, गुडघ्यावर रांगणं ५.२ ते १३.५, एकट्याने चालणं ८.२ ते १७.६ महिने. काही निरोगी मुलं गुडघ्यावर रांगतच नाहीत. म्हणजे अकराव्या महिन्यात चालणारं मूल हुशार आणि सोळाव्यात चालणारं मागे, असं काही नसतं. आपल्या बाळाचं दुरुस्त वय घ्या आणि खिडकीच्या आत आहे का बघा.

पण मी सरसकट "वाट बघा" म्हणणार नाही, कारण लवकर सुरू केलेली थेरपी आणि उशिरा सुरू केलेली यात फार फरक पडतो. खालचं काही दिसलं तर पुढच्या ठरलेल्या भेटीची वाट न बघता जा (सगळी वयं दुरुस्त):

दोन-तीन महिन्यांत चेहऱ्याकडे बघून हसत नाही. चार महिन्यांत मान अजिबात सावरत नाही किंवा मुठी सतत घट्ट. पाय कात्रीसारखे एकमेकांवर जातात, डायपर बदलताना मांड्या कडक लागतात. किंवा उलट, उचललं की हातातून निसटेल असं ढिलं. नऊ महिन्यांत आधाराशिवाय बसत नाही, किंवा बा-बा, दा-दा असे आवाज नाहीत. वर्षाच्या आत एकच हात वापरतंय, लोक म्हणतील डावखुरा होणार, पण एवढ्या लवकर हात ठरणं म्हणजे दुसऱ्या बाजूला काही अडचण आहे का हे बघायला हवं. दीड वर्षापर्यंत चालत नाही. दोन वर्षांत दोन शब्द जोडत नाही. आणि कुठल्याही वयात, आधी येत होतं ते आता करत नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं.

सेरेब्रल पाल्सीची (मेंदूला इजा झाल्यामुळे हालचालींवर परिणाम होतो त्या त्रासाची) शक्यता आता अनुभवी तज्ज्ञ तीन ते पाच महिन्यांच्या बाळाच्या हालचालींचा व्हिडिओ बघून बऱ्यापैकी ओळखू शकतात. म्हणून घरी बाळ जागं आणि खुशीत असताना, पाठीवर झोपवून, कमी कपड्यांत, हातात खेळणं न देता तीन-चार मिनिटांचा व्हिडिओ काढून ठेवा, डॉक्टरांकडे गेल्यावर बाळ रडतं किंवा झोपतं तेव्हा हाच कामाला येतो.

पायरी ८: रोजचं, घरातलं

इथे महागडं काही लागत नाही. लागतं ते म्हणजे बाळाने काही केलं की तुम्ही उत्तर देणं. बाळ "आ-गू" म्हणालं, तुम्ही तेच म्हणा आणि थांबा, त्याला परत बोलायला वेळ द्या. कमी वजनाच्या, आधी जन्मलेल्या बाळाला उत्तर द्यायला जास्त वेळ लागतो, आपण थांबत नाही आणि मग वाटतं ते प्रतिसादच देत नाही. मनात हळू पाच आकडे मोजा आणि बघा.

ही बाळं लवकर थकतात, आणि थकल्याचं सांगतातही, फक्त ते ओळखायला शिकावं लागतं. नजर फिरवणं, जांभया, उचक्या, बोटं ताठ पसरणं, चेहरा फिका किंवा लाल होणं, पाठ कमान करणं. हे दिसलं की खेळ बंद, आवाज बंद, छातीशी धरा. बोलणं, गाणं, खुळखुळा आणि डोलवणं सगळं एकदम नको, एका वेळी एकच. जसजसं बाळ मोठं होईल तसं त्याला जास्त झेपतं.

पालथं घालणं: जागं असताना, तुमच्या समोर, सुरुवातीला तुमच्या छातीवरच एक-दोन मिनिटं, दिवसातून खूप वेळा, आणि हळूहळू मिळून अर्ध्या तासापर्यंत. मान, खांदे, पाठ यातूनच तयार होतात. आणि वॉकर नको, त्याने चालणं लवकर येत नाही आणि पडण्याचा धोका खरा आहे.

चित्रांचं पुस्तक पाच-सहा महिन्यांपासून, बाळ ते तोंडात घालेल, घालू द्या. घरात जी भाषा मनापासून बोलली जाते त्या भाषेत बोला. मोबाईल-टीव्ही दोन वर्षांपर्यंत नाहीच, आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला एका तासापेक्षा जास्त नाही, तेही जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे जेवढं कमी तेवढं बरं. जेवताना फोन दिल्याशिवाय खात नाही, ही तक्रार कमी वजनाच्या मुलांच्या घरात जास्त ऐकू येते कारण वजनाच्या काळजीने प्रत्येक घास मोजला जातो, मला ते समजतं, तरी नका देऊ.

आणि आई. एनआयसीयूतून बाळ घेऊन आलेल्या आयांमध्ये नैराश्य आणि सततची धास्ती जास्त दिसते. ती दुर्लक्षित राहिली तर वर लिहिलेलं बोलणं-खेळणं तिच्याकडून होत नाही, हा तिचा दोष नाही. दोन आठवड्यांपेक्षा जास्त उदास वाटणं, बाळ झोपलेलं असूनही झोप न येणं, बाळाबद्दल काहीच न वाटणं, हे असेल तर डॉक्टरांना सांगा, याला उपचार आहेत. घरच्यांनी "बाळ बरं आहे ना मग रडतेस कशाला" हे वाक्य कृपा करून बोलू नये. रात्रीच्या एका फीडची जबाबदारी घ्या, काढून ठेवलेलं दूध तुम्ही पाजा, ते जास्त उपयोगाचं आहे.

पायरी ९: वरचं खाणं आणि 'भरपाई'ची घाई

पूर्ण दिवसांच्या कमी वजनाच्या बाळाला सहा महिन्यांनी वरचं खाणं. आधी जन्मलेल्यासाठी तारीख डॉक्टरांशी ठरवा, दुरुस्त वय आणि तयारी दोन्ही बघून, म्हणजे मान स्थिर, टेकून बसतं, चमचा बघून तोंड उघडतं, जीभ घास बाहेर ढकलत नाही. मध एक वर्षापर्यंत नाही. सुरुवातीपासून लोह असलेले पदार्थ हवेत, नुसतं पिठूळ पातळ नको.

आठवड्यांच्या मानाने लहान जन्मलेली बहुतेक मुलं दोन वर्षांपर्यंत उंची-वजनात इतरांच्या रांगेत येतात, दहातलं साधारण एक मागे राहतं. दोन वर्षांनंतरही उंची तक्त्याच्या सगळ्यात खालच्या रेषेखाली असेल तर हार्मोनच्या तज्ज्ञांना दाखवा. पण दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. १९८९ मध्ये डेव्हिड बार्कर यांनी इंग्लंडमधल्या पुरुषांच्या जुन्या नोंदी तपासून दाखवलं की ज्यांचं जन्माचं आणि पहिल्या वर्षाचं वजन कमी होतं त्यांच्यात पुढे हृदयविकाराने मृत्यू जास्त होते, आणि नंतरच्या संशोधनात हेही पुढे आलं की लहान जन्मलेल्या मुलाचं बालपणात वजन फार वेगाने वाढलं तर डायबिटीस-बीपीचा धोका वाढतो. पहिल्या महिन्यांत चांगली वाढ मेंदूसाठी हवीच, पण उंची मागे आणि वजन एकटंच पुढे पळतंय असं दिसलं तर साखर, तूप ओतून 'गुटगुटीत' करण्याची स्पर्धा थांबवा.

पायरी १०: दोन वर्षांनंतर फाईल बंद करू नका

मूल चालायला-बोलायला लागलं की फॉलो-अप सुटतो, आणि नेमक्या तिथून पुढच्या अडचणी बारीक असतात. लक्ष टिकत नाही, दोन सूचना एकत्र दिल्या तर दुसरी विसरतं, बटण लावणं, पेन्सिल धरणं जड जातं, गर्दीत-आवाजात बावरतं, आकडे डोक्यात बसत नाहीत. बुद्धी चांगली असूनही हे असू शकतं, आणि शाळेत याला आळशीपणा किंवा खोडकरपणा समजलं जातं. म्हणून दीड-दोन वर्षं, तीन वर्षं आणि शाळेत घालायच्या आधी असं विकासाचं रीतसर मूल्यमापन करून घ्या, विशेषतः वजन १५०० च्या खाली असेल तर. डोळ्यांचा नंबर या मुलांना जास्त लागतो, तो शाळेआधी तपासा.

शाळेत घालताना एक गोष्ट बघा. बाळ तीन महिने आधी आलं असेल आणि प्रवेशाची शेवटची तारीख त्या तीन महिन्यांच्या मध्ये पडत असेल, तर जन्मतारखेप्रमाणे ते वर्गातलं सगळ्यात लहान मूल ठरतं, दिवस भरून झालं असतं तर एक वर्ष नंतर गेलं असतं. अशा वेळी एक वर्ष थांबता येतं का शाळेला विचारा. शिक्षकांना जन्माची माहिती द्या, पण सोबत काय जमतं आणि कुठे मदत लागते तेही लिहून द्या, म्हणजे पुढे बसवणं, एका वेळी एकच सूचना, लिहायला थोडा जास्त वेळ. आणि डिस्चार्ज कार्ड, डोळे-कानाचे रिपोर्ट, वाढीचा तक्ता याचे फोटो फोनमध्ये एका फोल्डरला ठेवा, डॉक्टर बदलले किंवा गाव बदललं तरी सगळं पहिल्यापासून सांगत बसावं लागत नाही.